खेकडा की फावडं

रात्री दोन चाळीसला
आमचे पत्ते कुणीतरी आपले म्हणून सांगितले.

सातपूरच्या खोलीत बॅटऱ्या गुणगुणत होत्या,
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं,
आणि आमच्या एक हजार चोवीस दारांपैकी निम्मी
दुसऱ्याच कुणाच्या अंगणात उघडत होती.

तुटलं काहीच नव्हतं. हेच सांगायला अवघड.
तार शाबूत, दिवे हिरवे.
फक्त कुणीतरी म्हणालं होतं, पाथर्डी फाटा इकडे आहे,
आणि जगाने मान डोलावली होती.

तिथे जग असंच चालतं.
एक राउटर दुसऱ्याच्या कानात सांगतो, तो तिसऱ्याच्या,
सातबारा कुणी मागत नाही.
दोघे सांगत असले तर
जो जास्त बारीक तपशील देतो, तोच खरा.
लबाडांना हे फार आधीपासून माहीत आहे.

मग फोन. इंदिरानगरचा पॅथॉलॉजीवाला.
पिंपळगावचे द्राक्षवाले, कंटेनर कागदासाठी अडलेला.
आणि एक बाई, नाव न सांगता :
मुलगा दोह्यात आहे, पहाटे चेहरा दिसतो,
आज नुसतं गोल फिरतंय.
मी म्हटलं, टेक्निकल आहे.
उद्धटपणाच होता तो.

रविवारी अंबडला नऊ जण बसलो.
सगळे लहान, गच्च्यांवरून तारा ओढून मोठे झालेले.
कासलीवाल म्हणाले, एकदा केलं की कायमचा बाहेर,
कुणीच त्याची तार आपल्यात घ्यायची नाही.
नजीरभाई म्हणाले, ठरवणार कोण?
ज्याचं गेलं तोच न्यायाधीश?
गायधनी म्हणाला, आपण काय पोलीस आहोत?
चहा आला, गार झाला.
अक्षर बरं म्हणून मसुदा माझ्याकडे.

आजोबा मोसमच्या काठी फडाचे पाटकरी होते.
पाळी नसताना पाणी वळलं
की कंदील घेऊन पाटाच्या कडेने चालत जायचे,
फुटल्या जागी उकिडवे बसून मातीत बोटं घालायचे.
गोल भोक, गाळाच्या गोळ्या : खेकडा.
सरळ कडा, ढेकूळ एकीकडे : फावडं.
दोन्ही वेळा आधी बांध बुजवायचे.
मग बोलायचे.

हे मी सांगितलं. बोरस्ते काका हसले,
राउटरला माती कुठून आणणार, पोरी?

तेव्हा मी ते बोलले जे दोन वर्षं बोलले नव्हते.
एका शुक्रवारी, घाईत, फिल्टरची एक ओळ राहिली
आणि सिन्नरच्या एका कारखान्याचं अख्खं नेटवर्क
माझ्याकडूनच जातं, असं मी अकरा मिनिटं
जगाला ओरडून सांगत होते.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
खेकडाच होते मी.
पण अकरा मिनिटं पाणी तर गेलंच ना.

बराच वेळ नुसता पंखा.
मग नजीरभाईंनी कागद ओढून घेतला
आणि वर, माझ्या अक्षरांच्याही वर, लिहिलं : आधी बुजवा.
त्याखाली, खाडाखोड करत :
प्रत्येकाने आपला सातबारा सहीनिशी लावावा,
बिनसहीची हाक कुणी पुढे नेऊ नये.
फोन उचलायला माणूस हवा, रात्रीसुद्धा, नावानिशी.
नोंदी पाहाव्यात. एकदा झालं की तीनदा.
कडा सरळ आहे का.
ज्याचं गेलं, तो निकाल देणाऱ्या तिघांत नको.
ज्याच्याकडून गेलं त्याने स्वतःहून सांगितलं,
तर ते धरलं जावं. (इथे कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.)

चौथं कलम अर्धंच आहे.
फावडं ठरलं तर
एवढंच लिहून कासलीवालांनी पेनाचं टोपण लावलं.
पुढच्या रविवारी बघू.

त्या रात्री कोण होतं, अजून कळलेलं नाही.
तीन मेल गेले. उत्तर नाही.
पहाटे सहाच्या सुमाराला पत्ते घरी आले,
कुणी सोडले की सुटले, कोण जाणे.

दोह्याचा चेहरा त्या बाईला दिसला असेल.
तिने कळवलं नाही.
पाणी आलं म्हणून कुणी फोन करत नाही.